कच्चा विद्यार्थी

"विमानात वय नसतं, हुद्दा नसतो, असतो तो फक्त नियम!" कॅप्टन हैदर मुलाणी यांनी जाहीर केलं आणि सीटबेल्टचं टोक कुठं अडकवायचं ते चाचपडत शोधू लागले. नौशीननं ते मुकाट्यानं अडकवून दिलं.

आज तिची परीक्षा होती. पास झाली तर बारामतीच्या या विमानशाळेत ती शिक्षिका होणार होती. पद्धत अशी, की परीक्षकानं कच्चा विद्यार्थी बनायचं, मुद्दाम चुका करायच्या आणि उमेदवारानं त्या पकडायच्या. कॅप्टन या कामात पोचलेले. जन्मभर प्रवासी विमानं चालवून ते इथं सुरक्षाप्रमुख झाले होते. विद्यार्थ्याचं सोंग असं वठवायचे, की खऱ्या कच्च्या विद्यार्थ्यांनी लाजावं.

आजही त्यांनी कसर ठेवली नाही. वळताना विमानाचं नाक पाडलं, नौशीननं पकडलं. परतताना तर कमालच केली. धावपट्टी सोडून एमआयडीसीच्या सरळसोट रस्त्यावर उतरायला निघाले.

"सर, धावपट्टी उजवीकडं आहे."

डोळे बारीक करून ते समोरच बघत राहिले.

"सर, रस्ता हाय तो! उजवीकडं!"

खाली पाळीला निघालेल्या मोटारसायकली दिसू लागल्या. दोनदा सांगून ऐकलं नाही, तर तिसऱ्यांदा सांगत बसायचं नाही, हे कॅप्टननीच शिकवलेलं.

"कंट्रोल माझ्याकडं!"

"कंट्रोल तुझ्याकडं." त्यांनी दोन्ही हात उचलले. नौशीननं विमान वर घेतलं, एक फेरी मारली आणि अलगद धावपट्टीवर टेकवलं.

इंजिन थांबलं तशी ती हसत सुटली. "काय सोंग केलंत सर! घामच फुटला मला. ते डोळे बारीक करणं तर एक लंबर. नाटकात का न्हाय गेलात?"

"पास हायेस तू," कॅप्टन म्हणाले.

"आणि वळताना नाक पाडलंत, ते..."

"ते सोंग व्हतं, पोरी. रस्त्याचं न्हाय. मला धावपट्टी दिसलीच न्हाय."

नौशीनचं हसू तोंडातच राहिलं. कॅप्टननी खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या काढल्या आणि खिशात कोंबल्या.

"जे झालं ते वरती कळव. माझं नाव घालून. भ्यायचं न्हाय."

मग त्यांनी आपल्या गाडीची किल्ली तिच्यापुढं धरली.

"लासुर्ण्याला घरापर्यंत तेवढं सोडतीस का?"