मोरीजवळचं ताट

सासूबाईंनी हेमांगीचं ताट आजही मोरीजवळच वाढलं. दिवाळीत तिला नाजूक जागी फोड उठले, त्यातलं पाणी तपासून डॉक्टरांनी हर्पिस सांगितला, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. "हा संबंधातून पसरतो, ताटावाट्यांतून नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण ऐकतो कोण? "मला कधी साधी पुळीही आली नाही. हिनंच कुठेतरी शेण खाल्लं," असं तिचा नवरा शिरीष चारचौघांत बोलून मोकळा झाला.

विषाणू कुणाकडून कुणाकडे गेला हे सांगणाऱ्या वंशयंत्राचा हट्टही त्याचाच. विषाणू ज्या शरीरात मुक्काम करतो तिथली खूण घेऊन पुढे जातो, आणि ती खूण हे यंत्र वाचतं. शिरीषनं मोठ्या ऐटीत आपलंही रक्त दिलं होतं.

हेमांगीनं पहिला घास घेतला तोच यंत्राचा भिंतीवरचा पडदा बोलू लागला. "विषाणू शिरीष यांच्या शरीरात लग्नाआधीपासून आहे. फोड न येताही तो पसरतो. हेमांगी यांना तो शिरीष यांच्याकडूनच झाला."

शिरीषची मान खाली गेली. सासूबाईंनी मात्र लेकाच्या भातावर शांतपणे आमटी वाढली. "जेव रे बाळा. डॉक्टर म्हणालेच होते, ताटावाट्यांतून काही होत नाही."

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोरीजवळचं आपलं ताट उचलून तिनं नवऱ्यापुढे आदळलं आणि त्याचं ताट स्वतःकडे ओढलं.

"होत नाही ना, आई? मग आजपासून ह्यांना ह्यात वाढा. आणि तिकडे, मोरीजवळ."