अंतरपाटापुढचा व्हिडिओ

वैजूच्या पहिल्या लग्नाचा व्हिडिओ अंतरपाट दूर होण्याआधीच अडकायचा, आणि ते तिच्या दुसऱ्या नवऱ्याच्या, हणमंतच्या, पथ्यावरच पडायचं. "कॉम्प्युटर म्हातारा झालाय," म्हणून तो वेळ मारून न्यायचा. वारलेल्या नवऱ्याला तिनं डोळे भरून पाहावं, हे त्याला सोसवत नव्हतं.

आज त्या माणसाचं श्राद्ध. वैजूनं पुन्हा विचारलं, तेव्हा हणमंतनं नाइलाजानं ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर अपडेट केला आणि व्हिडिओ सुरळीत चालावा म्हणून असलेलं, पण त्यानं मुद्दाम बंद ठेवलेलं हार्डवेअर डिकोडिंग चालू केलं. व्हिडिओ न अडकता पुढे सरकला. तो पाठ फिरवून उभा राहिला.

"अहो, हे शूटिंग तुमचंच ना?"

"हो. तेव्हा लग्नांचं शूटिंग करायचो, ही ऑर्डर माझीच होती. का?"

"अंतरपाट सरला तरी नवरदेवाचा नुसता हात दिसतोय. बाकी सगळीकडे मीच आहे."