नक्की

"हाच तो चोर, साहेब!" तुरुंगाच्या आवारात उभ्या केलेल्या सात जणांपैकी चौथ्यावर रंगनाथ शिंप्यानं बोट रोखलं. त्याच्या दुकानासमोर भरदुपारी एका बाईची साखळी हिसकावून चोर पळाला होता.

"नक्की ना, मास्तर?" ओळख परेड घेणाऱ्या तहसीलदारांनी विचारलं.

"नक्की! हे थोबाड माझ्या स्वप्नातसुद्धा येतं."

तहसीलदारांनी कागदावर 'नक्की' लिहिलं.

"येणारच की!" चौथा उसळला. "रोज तुमच्या गल्लीत घुटमळतो, म्हणून तर पोलिसांनी उचललं मला. का घुटमळतो, ते सांगा साहेबांना!"

रंगनाथची नजर त्याच्या चेहऱ्यावरून खाली घसरली. कंबर चौतीस, लांबी चाळीस. हे माप त्यानं स्वतःच घेतलं होतं. चोर तर त्यानं फक्त पाठमोरा पाहिला होता.

"चुकलो, साहेब," तो कानाची पाळी धरत म्हणाला. "हे तर आमचंच गिऱ्हाईक! महिना झाला, यानं लग्नाची पँट शिवायला टाकलीय."

अख्खी रांग खदखदून हसली.

"आता तरी सांगा मास्तर, पँट कधी देता?" चौथ्यानं विचारलं.

"उद्या नक्की!" रंगनाथ सवयीनं बोलून गेला.

तहसीलदारांनी कागदावरचं 'नक्की' हसत खोडलं.