सात नंबर

कृत्रिम हृदयं बनवणाऱ्या त्या कंपनीत सकाळी नऊला हेमांगीने सात नंबरच्या सर्व्हरची वायर काढली. सगळ्या रुग्णांची हृदयं नव्या सर्व्हरवरून ठोके घेतात, अशी ऑफिसची समजूत होती. या जुन्यावर काय चालतं ते फक्त जुने इंजिनिअर कुलथ्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना मागच्याच महिन्यात घरी बसवलं होतं. अशा वेळची रीत ठरलेली होती. बंद करायचा आणि वाट बघायची. कोणी ओरडलं, तर पुन्हा जोडायचा.

हेमांगीचा जीव टांगणीला लागला होता. एक जरी तक्रार आली, तरी कुलथ्यांच्या मागोमाग तिचा नंबर होता.

एक वाजता ढमढेरे सर हसत आले. "चार तासांत एकही तक्रार नाही. टाक भंगारात!"

तिने सुटकेचा निःश्वास सोडला, डबा उघडला, आणि घास हातातच राहिला. आक्कामावशी रोज साडेबाराला फोन करायची, "जेवलीस का गं?" म्हणून. कंपनीने बसवलेल्या पहिल्या पन्नास हृदयांपैकी एक मावशीचं होतं. आज फोन आलाच नव्हता.

"सर," तिने विचारलं, "तक्रार कशी करतात आपल्याकडे?"

"रुग्णाने छातीवरचं बटण दाबायचं. का गं?"

ती धावत सुटली. तिने वायर जोडली. पडद्यावर अक्षरं उमटली.

जोडलेली हृदयं पन्नास. चालू शून्य. तक्रारी शून्य.