आधीच बसवलेलं लिनक्स

"ती यादी ऱ्हाऊ द्या, सिस्टर. माझ्याकडं तयार हाय," असं म्हणत कुलदीपनं माऊसकडं हात नेला.

नीलाबाईंनी माऊस आपल्याकडं ओढून घेतला.

परंड्यात बसस्टँडच्या मागं, खताच्या दुकानावरच्या खोलीत दुपारी तिघं बसले होते. नीलाबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. कुलदीप चौकात ऑनलाइन फॉर्म भरून देणारा. गावात कुणाचाही कॉम्प्युटर अडला की त्यालाच बोलावणं जायचं. आणि दाराशी सतरंजीवर तुळजाबाई. तिचा जन्म ऊस तोडण्यात गेला होता.

कपाटात दोनशे बारा बायकांचे कागद होते. पाळीपायी तोडीचे दिवस बुडू नयेत म्हणून या बायकांची गर्भपिशवी काढलेली. वय काय होतं, कुठं काढली, दवाखान्यात कुणी नेलं, सगळं त्यात होतं. पहिला कागद तुळजाबाईचा. दसरा झाला की टोळ्या निघणार होत्या, आणि आणखी बायका तिकडून, फडातूनच मोबाइलवर आपली माहिती पाठवणार होत्या. ती साठवायला भाड्यानं सर्व्हर घ्यायचं ठरलं होतं. गेल्या साली एकीचं नाव फुटलं, तर त्या नवरा-बायकोला एकाही मुकादमानं टोळीत घेतलं नव्हतं.

सर्व्हर ज्यावर चालतो ते लिनक्स कोणतं हवं, असं स्क्रीन विचारत होती. उबुंटू, डेबियन, अल्मा, रॉकी. यादीच्या तळाला एक मोकळा चौकोन: स्वतःचं चढवा.

कुलदीपनं त्या चौकोनावर बोट ठेवलं. "हितं माझं टाकू. समदं आधीच बसवून ठिवलंय. दोन मिन्टांत चालू. यादीतलं घेतलं तर पहिल्यापास्नं बसवावं लागंल. दोन दिस जातील."

"जाऊ देत. तुझं कशावर आहे?"

"सेंटओएस सातवर. लई दणकट."

"वाचलंय मी, ते करणाऱ्यांनी त्याची दुरुस्ती बंद केली. भोक पडलं तर बुजवणार कोण?"

"म्या हाय की."

नीलाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. तो आपणहून आला होता. महिनाभर त्यानं पडेल ते काम केलं होतं, चहासुद्धा नको म्हणायचा. मुकादमांची पत्रंही तोच टाइप करून देतो, हे त्यांना परवाच कळलं होतं.

"तुझ्या त्या तयार लिनक्समध्ये खाती कुणाची आहेत?"

"तुमचं. आन् एक माझं. काय बिघडलं तर आत याया लागतंय ना."

"तुझं काढून टाकलं तर?"

"काढा की," तो पटकन म्हणाला. मग मान खाजवत, "पर काढलं तर बाकीचं बंद पडंल."

तुळजाबाई इतका वेळ नुसती ऐकत होती. "सिस्टर, त्या यादीतलं कुणाचं हाय?"

"हे डेबियन. जगभरातली माणसं मिळून करतात. फुकट असतं."

"फुकट?" तुळजाबाई जागची हलली नाही. "मलाबी फुकट गाडी करून दवाखान्यात न्हेलं हुतं."

कुलदीप लगेच म्हणाला, "त्येच म्हंतोय म्या, मावशे. फुकटाच्या नादी लागू नगा."

"त्याच्या आत काय घातलंय ते बघता येतंय का?" तुळजाबाईनं विचारलं. प्रश्न नीलाबाईंना होता.

"येतं. कुणालाही. ओळ न् ओळ. मला त्यातलं कळणार नाही, पण ज्यांना कळतं ते बघत असतात."

"आन् कुलदीपच्यात?"

"माझंच हाय की ते. त्यात काय बघायचंय?"

"गाडीत बसवल्यालं, तवा मुकादमबी आसंच म्हणाला हुता, डाक्टर आपलाच हाय, त्यात काय बघायचंय," तुळजाबाई म्हणाली. "यादीतलं घ्या, सिस्टर."

नीलाबाईंनी डेबियनवर टिचकी मारली. स्क्रीननं पासवर्ड मागितला.

"द्या हिकडं. अवघड टाकावा लागतोय," कुलदीप कीबोर्ड ओढत म्हणाला.

"कसा टाकायचा ते सांग. टाकते मी."

त्यानं सांगितलं. लांबलचक पाहिजे. नाव नको, जन्मसाल नको, देवाचं नाव तर नकोच. नीलाबाईंनी कीबोर्ड परत आपल्याकडं घेतला, एक बोट उचललं आणि त्या थांबल्या. कुलदीप खुर्चीवर तसाच बसला होता, नजर कीबोर्डवर.

तुळजाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. तिच्या हिरव्या लुगड्याआड स्क्रीन आणि कीबोर्ड दोन्ही झाकले गेले. पाठीमागं कीबोर्डच्या कळा वाजत राहिल्या, एकेक, सावकाश. ती कुलदीपच्या तोंडाकडं बघत होती. त्यानं मान खाली घातली.

"झालं," नीलाबाई म्हणाल्या. सर्व्हर सुरू झाला होता.

कुलदीपनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. पंखा चालू असूनही त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"बरं झालं," तो म्हणाला. आवाज एकदम बारीक झाला होता. "आता इचारलं तर खरंच सांगता यील. मला पासवर्ड ठाव न्हाय म्हणून."

"कोण इचारतंय?" तुळजाबाई म्हणाली.

"उद्या येतो बाकीचं बसवाया. म्या काम करताना तुमी दोघीबी शेजारी बसा. मधी उठू नगा. मंग मला आत काय ठिवता आलं न्हाय, ह्येबी खरंच सांगता यील."

"कुलदीप, कोण विचारतंय?" आता नीलाबाईंनी विचारलं.

त्यानं हेल्मेट उचललं, पण दाराकडं गेला नाही. खिडकीशी जाऊन त्यानं पडदा दोन बोटं सरकवला. कुणी पाळतीवर आहे का, म्हणून गल्लीच्या या टोकाला पाहिलं, मग त्या टोकाला. बराच वेळ. मग हेल्मेट खोलीतच डोक्यावर चढवलं, काच खाली ओढली आणि जिना उतरला.