बंद कॉक

"मिस्त्रींनी ब्रेकरच बिघडवून पाठवलाय," मी मालकांना ठणकावून सांगितलं. मिनी एक्सकॅव्हेटरला खडक फोडायचा ब्रेकर जोडून तास झाला, तरी पेडल दाबूनही त्याची छिन्नी हलत नव्हती.

ब्रेकर दुरुस्त करणारे दौलतमिस्त्री मालकांच्या फोनवरून पुतणीच्या साखरपुड्यातून उठून आले, कपाळावर ओला टिळा. त्यांनी ब्रेकरकडे पाहिलंसुद्धा नाही. मशीनच्या बूमवरचा, ब्रेकरला तेल सोडणारा कॉक मीच उघडायला विसरलो होतो. तो त्यांनी मुकाट्याने फिरवला. छिन्नी धडधडली.

लांब फोनवर बोलणारे मालक आवाज ऐकून आले. "काय झालं होतं?"

वीस वर्षांच्या अनुभवाचा ऑपरेटर म्हणून मिरवणारा मी फडक्याने लिव्हर पुसू लागलो.

"माझीच चूक. सील उलटं बसलं होतं," मिस्त्री म्हणाले.

मालक त्यांना वाट्टेल ते बोलू लागले. मी छिन्नी खडकावर टेकवली आणि काही ऐकू येऊ नये म्हणून पेडल दाबून धरलं.