रोजचा जय भीम

अकोल्याच्या तारघरातले श्रावणबाबू आणि अमरावतीच्या तारघरातले किसनराव एकमेकांना एकदाच भेटले होते, छप्पन साली नागपुरात, दीक्षेच्या दिवशी. पण रोज सकाळी पहिली तार जायच्या आधी दोघं तारेवरूनच एकमेकांना ‘जय भीम’ घालत. किसनराव शेवटचा ठोका जरा लांबवत. त्यांना ताप असला तर तेही श्रावणबाबूंना इथे नुसत्या खटखटीवरून कळे.

पासष्ट साली टेलिप्रिंटर आले. जुनं यंत्र बिघाडापुरतं कोपऱ्यात राहिलं. आता जय भीम छापून जाई आणि छापूनच येई. अक्षरं सगळी सारखी.

अडीच महिन्यांनी अकोल्याचा टेलिप्रिंटर बंद पडला. श्रावणबाबूंनी खुशीत जुन्या यंत्रावरची धूळ फुंकली आणि जय भीम ठोकला. उत्तर आलं, पण हात परका होता.

“किसनराव सुटीवर आहेत काय?” त्यांनी विचारलं.

तिकडून ठोके आले.



“त्यायले वारून दोन महिने झाले, बाबूजी. तुमच्या रोजच्या जय भीमले मीच उत्तर देऊन राहिलो.”